अडीच ओळींचा अर्ल

कसरीला राजा कळत नाही, राणी कळत नाही. तिला लोकर कळते, फर कळतो आणि बंद पेटीतला अंधार कळतो. त्या अंधारात सोळा वर्षं बसून तिने जे केलं, ते सातशे वर्षांत इंग्लंडच्या एकाही राजाला जमलं नव्हतं. तिने स्केल्मिअरच्या अर्लला एक पायरी खाली उतरवलं.

पेटी माझ्या शिवणाच्या टेबलावर उघडली तेव्हा त्रेपन्न सालचा एप्रिल संपत आला होता. राणीचा राज्याभिषेक दोन जूनला.

"मोजा," लॉर्डसाहेब म्हणाले.

मी मोजलं. लाल मखमलीचा झगा शाबूत होता. खांद्यावरून उतरणारा पांढरा फर मात्र बघवत नव्हता. त्या फरवर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. वरची ओळ पुरी होती, मधली पुरी होती. खालची उजव्या खांद्याकडून निघाली, पाठीवरून फिरली आणि डाव्या बाजूला येता येता संपली. तिथून पुढे फर नव्हताच. पिठासारखं काहीतरी होतं. मी वाकून बघायला गेले तर माझ्या श्वासाने तेही उडालं.

"अडीच," मी म्हणाले.

"अडीच." ते हळूच खुर्चीत टेकले. "दोन ओळी बॅरनच्या, अडीच व्हायकाउंटच्या, तीन अर्लच्या. हेस्टरबाई, काल अर्ल म्हणून निजलो आणि आज व्हायकाउंट म्हणून उठलो. आमच्या एका पूर्वजाचं राजाने डोकं उडवलं होतं, पण पद त्याच्या मुलाला परत दिलं. कसरीला तेवढीही लाज नाही."

त्यांचं नाव ॲम्ब्रोज. धाकटे, तिसरे. तिसऱ्या मुलाच्या वाट्याला अर्लच्या घरी काही येत नाही, म्हणून त्यांनी चाळीस वर्षं गावोगावच्या चर्चमधल्या ऑर्गनचे सूर लावून पोट भरलं. मग थोरले भाऊ गेले, मधले आधीच गेले होते, आणि युद्धात इटलीत पुतण्या पडला. तार आली तेव्हा शेफील्डच्या एका चर्चमध्ये शिडीवर चढून ते कुठली नळी भसाडी वाजतेय ते शोधत होते. बासष्टाव्या वर्षी शिडीवरून उतरले ते अर्ल होऊनच. आता एकाहत्तर. लग्न नाही, मूल नाही. हवेली पाडून तिचे दगड धरणाच्या भिंतीला गेले, वरचा माळ पाणीखात्याने घेतला, आणि फाटकाजवळच्या पहारेकऱ्याच्या दोन खोल्यांत साहेब राहत होते. पहारा द्यायला फाटक तेवढं उरलं होतं.

राणीचं बोलावणं त्यांच्या आतल्या खिशात होतं. सगळ्या सबबी बाजूला ठेवून या, असं त्यात लिहिलं होतं. कसर ही सबब चालते की नाही, ते लिहिलं नव्हतं. लंडनच्या एका भाड्याच्या कपड्यांच्या दुकानालाही पत्र टाकून झालं होतं. अर्लचे झगे सगळे गेले, असं उत्तर आलं. बॅरनचा एक आहे, थोडा आखूड.

"आणि नाही गेलात तर काय होईल, साहेब?"

"काही होणार नाही. हीच तर अडचण आहे." त्यांनी पेटीतली कसर बोटांच्या चिमटीत धरून पाहिली. "हे बघा, पहिल्या स्केल्मिअरच्या कमरेला राजाने आपल्या हाताने तलवार बांधली. तेव्हा अर्ल म्हणजे जिल्ह्याचा धनी होता हो. न्याय त्याच्या दारात, फौज त्याच्या मागे, दंडाच्या दर तीन पेन्यांतली एक त्याची. मग राजाला वाटलं, हे फार झालं. त्याने आपला कारभारी पाठवला. आधी जिल्हा गेला, मग कचेरी गेली, मग ती तिसरी पेनी गेली. तलवार तेवढी राहिली. तिच्यावर माझे थोरले भाऊ चीज भाजायचे. आता तीही नाही."

"मग राहिलं काय?"

"नाव. आणि या तीन ओळी. माझ्यामागे कुणी नाही, हेस्टरबाई. हे दार माझ्या हाताने बंद व्हायचंय. सातशे वर्षांचं दार लावायचं, तर पुऱ्या पोशाखात लावावं. राणीच्या डोक्यावर मुकुट चढतो तेव्हा आम्हीही आमचे चढवतो. एवढा एक क्षण. जन्मभर मी दुसऱ्यांच्या बाजाचे सूर लावले. बाजा वाजायच्या आत मला हत्यारं गोळा करून निघावं लागायचं. एकदा वाजताना बसून ऐकायचंय."

मी सुई हातात घेतली.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. आमच्या थॉर्सलोत पाण्याच्या पंपापाशी पोरी दोरीवरच्या उड्या मारतात. संध्याकाळी त्यांचं गाणं तयार होतं.

दोन ओळी बॅरनला, अडीच व्हायकाउंटला,
तीन ओळी अर्लला, चार लागती ड्यूकला,
कसर आली जेवायला, अर्धी ओळ नेली गं,
स्केल्मिअरची पदवी कशी पोटामध्ये गेली गं!

साहेब तिथूनच गेले. थांबून त्यांनी ऐकलं, आणि दुसरी ओळ जरा वरच्या सुरात घ्या म्हणून सांगून गेले.

खरा फर लंडनहून आणायचा तर फाटकही विकावं लागलं असतं. पण आमच्या माळावरचे ससे हिवाळ्यात पांढरेशुभ्र होतात. कानांची टोकं तेवढी काळी राहतात, जणू कुणी बोट दौतीत बुडवून टेकवलंय. फर आणि ठिपका दोन्ही एकाच जनावराच्या अंगावर. एवढंच की मे उजाडायला आला होता आणि माळावरचा ससा न् ससा तपकिरी झाला होता. गेल्या हिवाळ्याची कातडी सगळ्या गावात एकाच माणसाकडे सापडली असती. एनॉक बॅगशॉकडे. आणि एनॉकच्या दारात स्केल्मिअरचं नाव काढणं म्हणजे तापलेल्या तव्यावर बसणं.

एनॉकचा बाप जोब. एकोणीसशे अकराच्या मार्चमध्ये माळावर ससे मारताना रखवालदाराने त्याला धरलं. माळ अर्लचा, म्हणून ससे अर्लचे. न्यायासनावर थोरल्या अर्लचे, म्हणजे साहेबांच्या वडिलांचे, मेव्हणे होते. त्यांनी सांगितलं, कातडी कुणाला विकलीस तेवढं बोल, तीनऐवजी एक महिना देतो.

"विकली नाहीत," जोब म्हणाला. "ससे मीच खाल्ले."

"आणि कातडी?"

"तीपण खाल्ली."

सगळं कोर्ट हसलं. तीन महिने सक्तमजुरी झाली. बाहेर आला तो छातीत खोकला घेऊनच, आणि पुढच्या हिवाळ्यात गेला. एनॉक तेव्हा अकरा वर्षांचा होता.

मी नऊ वर्षांची होते. ते मला विसरता येत नाही, त्याचं कारण सांगायचं तर आधी झग्याकडे वळलं पाहिजे.

जुना फर कसा जोडलाय ते बघायला मी अस्तर उसवलं. हा झगा माझ्या आईने, टॅबिथाने, त्याच अकरा सालच्या राज्याभिषेकासाठी शिवला होता. फर रशियाहून आला, असं हवेलीवरून सांगितलं जायचं. मी एक टाका उसवला, दुसरा उसवला आणि हात थांबला. कातड्याच्या आतल्या अंगाला, मानेपाशी, सुरीचे तीन चरे होते. कावळ्याच्या पावलासारखे. दुसऱ्या तुकड्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. एकोणीस कातड्यांवर एकोणीस पावलं.

ती खूण आमच्याकडे कुणालाही कळते. बॅगशॉंची आहे ती.

आईच्या मागच्या दाराशी उभा असलेला जोब मला आठवला. खांद्यावर गोणी. गोणीतून काळं टोक असलेला एक कान बाहेर आला होता आणि मी तो ओढला होता. "तू काही पाहिलं नाहीस," आई म्हणाली. मी बेचाळीस वर्षं काही पाहिलं नव्हतं. म्हणजे थोरल्या अर्लने फरमध्ये काटकसर केली, आईने गुपचूप ससे घेतले, आणि ज्या सशांसाठी जोब दगड फोडत होता तेच ससे अर्लच्या खांद्यावर बसून राजाच्या भेटीला गेले. रखवालदाराने माळभर जे शोधले, ते मालकाच्या अंगावर होते.

दुसऱ्या दिवशी एनॉककडे गेले. तो दगडी कुंपणं रचतो. हात दगडासारखे आणि बोलणंही.

"कातडी आहेत," तो म्हणाला. "कुणाला हवीत?"

"मला. शिवायला."

"अगं, सगळं गाव गातंय ते मला ऐकू येत नाही होय? त्या अडीच-सरकाराला सांग, ससे माळावर बसलेत, तपकिरी झालेत. पांढरे हवे असतील तर राणीला म्हणावं, डिसेंबरपर्यंत दम धर."

"एनॉक, म्हातारा माणूस आहे तो. वडिलांनी केलं ते त्याच्या माथी का?"

"वडिलांची पदवी त्याच्या माथी चालते ना? मग बाकीचं कुठे ठेवायचं?" त्याने हात झटकले. "हवीत ना? मग त्याला स्वतः येऊ दे. माझ्या मागच्या दाराने. टोपी काढून."

खरं सांगायचं ते सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. तसंच गिळून घरी आले.

साहेबांना निरोप सांगताना माझीच मान खाली गेली. त्यांनी लगेच टोपी घेतली. "आत्ता घरी असेल का तो? झगा बरोबर घ्या, रंग जुळतो का ते बघता येईल."

एनॉक स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. चुलीवर पाणी ठेवलेलं.

"या, सरकार. पाय पुसा."

"पुसले."

"परत पुसा."

साहेबांनी परत पुसले.

"काय हवंय?"

"अर्धी ओळ." साहेबांनी टोपी छातीशी धरली. "एनॉक, तुमच्याकडचे पांढरे ससे मला द्याल का? फार उपकार होतील."

एनॉकचा चाकू हवेतच राहिला. "एवढ्या सहज मागितलंत? बेचाळीस वर्षं मी या घटकेची वाट बघतोय. जरा अडखळायचं तरी!"

"माफ करा. मला मागच्या दाराची सवय आहे. चाळीस वर्षं सगळ्या चर्चमध्ये त्याच दाराने गेलो. सूर लावणाऱ्याला पुढचं दार कोण उघडतो?"

एनॉक कुरकुरत उठला आणि फळीवरचा पत्र्याचा डबा काढायला लागला. आता कातडी मिळत होती. मी गप्प बसले असते तर अर्धी ओळ पुरी झाली असती, साहेब गेले असते, कुणाला काही कळलं नसतं. आई गप्प बसली तशी मी बसले असते.

"थांब एनॉक," मी म्हणाले. "आधी हे बघ."

मी फर टेबलावर उलटा पसरला.

त्याने पाहिलं. एका चऱ्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. चुलीवरचं पाणी उतू जाऊन चरचरत होतं, कुणी उठलं नाही.

"किती आहेत?"

"एकोणीस."

"सगळी बापाची?"

"सगळी."

"कोर्टात तुझी आई होती त्या दिवशी?"

"मागच्या बाकावर. माझा हात धरून."

"बोलली नाही."

"नाही."

"आणि तो कातडी खाल्ली म्हणाला तेव्हा?"

"सगळे हसले. ती नाही हसली."

एनॉकने माझ्याकडे पाहिलं नाही. तेच बरं झालं.

साहेब तोवर भिंतीला टेकून उभे होते. ते पुढे आले. त्यांनी तो फर, मखमल, सगळं नीट घडी केलं, अगदी हळू, मूल झोपवावं तसं, आणि एनॉकसमोर ठेवलं.

"मग हा माझा नाही," ते म्हणाले. "वडील सांगायचे रशियाचा. मी मानलं, कारण मानायला बरं वाटत होतं. याची किंमत तुमच्या वडिलांनी भरली आहे. हा घालून मला जाता येणार नाही. राणीला कळवतो, कसर लागली. ते खोटंही नाही." त्यांनी टोपी घातली.

"बसा," एनॉक म्हणाला.

"नको, मी..."

"बसा म्हणतो ना! अर्ल ना तुम्ही? मग बसता येत नाही?" त्याने नाक शिंकरलं आणि बराच वेळ रुमाल चेहऱ्यावरून काढला नाही. "हे ससे किती वेळा गेलेत तिकडे?"

"दोनदा. अकरा साली वडिलांबरोबर, सदतीस साली भावाबरोबर."

"दोन्ही वेळा चोरून. आता एकदा उजळ माथ्याने जाऊ दे." त्याने डबा उघडला. आत पातळ कागदांत बर्फासारखी पांढरी कातडी एकावर एक बसली होती. "पण बापाची खूण बाहेरून दिसली पाहिजे. राणीच्या देखत."

"चरे फरवर दिसत नाहीत रे," मी म्हणाले. "केसांत बुडतात."

"मग शिव काळ्या रेशमाने! तुझ्या आईने लपवली, तू दाखव. समोर, गळ्यापाशी."

मी साहेबांकडे पाहिलं. अर्लच्या फरवर काय असावं आणि काय नसावं, याचे लंडनहून आलेले छापील नियम होते. त्यात कावळ्याचं पाऊल नव्हतं.

"गळ्याच्या डाव्या बाजूला," साहेब म्हणाले. "तिथे उजेड चांगला असेल."

तीन आठवडे मी शिवत होते. एनॉक रोज यायचा आणि खुर्चीत बसून चुका काढायचा. हा ठिपका तिरका आहे. तो कान उजवा आहे, डावीकडे का लावलास. सशाला दोन कान असतात एवढं तरी आईने शिकवलं की नाही? आईचं नाव तो असंच घ्यायचा, टाचणीसारखं, टोचून लगेच काढून. मी टोचून घेत होते. शेवटचा ठिपका बसला तेव्हा त्याने ओळी बोटाने मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि निघून गेला.

साहेब तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून लंडनला निघाले. टोपीच्या खोक्यात मुकुट, मुकुटात चार ओटकेक, म्हणजे ओटच्या जाड पोळ्या, आणि चीजचा तुकडा. तिकडे सहा-सात तास बसून राहावं लागतं, आणि मुकुटासारखं दुसरं भांडं नाही.

दोन जूनला पावसाने झोडपलं. शाळेच्या मोठ्या खोलीत गावातला एकुलता एक टेलिव्हिजन मांडला होता आणि त्याच्यापुढे सगळं गाव. राणी-सरदारांना नावं ठेवणारे तर पहिल्या रांगेत. पडद्यावर नुसतं पांढरं आणि करडं. कोण ड्यूक, कोण बॅरन, कुणाला कळत नव्हतं. सगळ्यांच्या खांद्यांवर एकसारखा बर्फ पडला होता.

एनॉक उठून थेट काचेला नाक लावून उभा राहिला.

"तो बघा! आपला! गळ्यापाशी काळं दिसतंय!"

तो माणूस जाडा होता आणि त्याला भरघोस मिशा होत्या. साहेबांना मिशा नव्हत्या. पण कुणी काही बोललं नाही. मागून कुणीतरी "हो हो, तोच" असंही म्हटलं.

चौथ्या दिवशी साहेब परतले आणि मला बरोबर घेऊन सरळ एनॉककडे गेले. मागच्या दाराने. पाय दोनदा पुसून.

"बोला," एनॉक म्हणाला. त्या दिवशी कधी नव्हे ते त्याने चहात साखर घातली होती, रेशनमधली, न विचारता.

"बाजा छान लागला होता. एक नळी जरा उतरली होती, पण ती मलाच कळली असावी. मुकुट चढवायची वेळ आली तेव्हा सगळ्यांचे हात एकदम वर गेले. बर्फात चाहूल लागून माळावरचे ससे उठतात ना, तसे. माझ्या मुकुटात एक ओटकेक राहिला होता, तो कपाळावर आला."

"ओळी मोजल्या कुणी?"

"कुणीही नाही."

एनॉकचं तोंड पडलं.

"पण शेजारी एक म्हातारे अर्ल होते. त्यांची नजर खुणेवर गेली. म्हणाले, हे मानचिन्ह कुठलं? आमच्याकडे नाही हे. मी म्हटलं, बॅगशॉ."

"मग?"

"त्यांनी मान डोलावली. म्हणाले, हं, बॅगशॉ. जुनं घराणं."

मला हसू आवरेना. एनॉक हसला नाही. तो कपातल्या चहाकडे बघत राहिला.

"मग?" तो शेवटी म्हणाला. "खोटं काय त्यात?"

"काहीच नाही," साहेब म्हणाले. "मी पण तेच म्हटलं त्यांना."

चहा संपला. साहेब टोपी घेऊन मागच्या दाराकडे वळले.

"तिकडून नाही," एनॉक म्हणाला.

आमच्याकडे पुढचं दार लग्नाला उघडतं आणि प्रेताला उघडतं. एनॉकचं लग्न झालं नव्हतं. जोब बाहेर पडला त्यानंतर ते दार बंदच होतं, आणि पुढ्यात भांड्यांचं कपाट येऊन बसलं होतं. एनॉकने कपाट ढकललं, मी एका बाजूने हात लावला, साहेबांनी दुसऱ्या बाजूने. कडी गंजून धरली होती. एनॉकने खांदा लावला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बिजागरीने अशी किंकाळी फोडली की पंपापाशी गाणाऱ्या पोरी गप्प झाल्या.

साहेब उंबऱ्यावर थांबले. मान एका बाजूला कलती करून त्यांनी तो आवाज विरेपर्यंत ऐकला.

"सूर उतरलाय हिचा," ते म्हणाले. "पुढच्या वेळी येताना तेल आणतो."